दोन यमुना

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी वर्गात शिकविण्याचा प्रसंग ज्या शिक्षकावर आला असेल, त्याला एक प्रश्न बहुधा ऐकावा लागलाच असेल. पुस्तक संपत आले की मागच्या बाकावरचा कोणी विद्यार्थी, किंवा अधिक करून विद्यार्थिनी, उभी राहून विचारते, “यमू खरोखरीच होऊन गेली का?” आपण शिक्षक मंडळी या प्रश्नाला ठरीव उत्तर देतो. यमू काल्पनिक आहे, पण तशा शेकडो यमू त्या काळी घरोघर होत्या, असे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. उत्तर खोटे नाही, पण त्याने प्रश्नाचे समाधान होत नाही, हे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळते. शेकडो स्त्रियांच्या दुःखाची सरासरी काढून जी स्त्री तयार होईल, तिच्यासाठी कोणाचा कंठ दाटून येत नाही. यमूसाठी तो दाटून येतो. म्हणजे ती नुसती नमुन्यादाखल उभी केलेली बाहुली नव्हे. मग ती कोण? तिचे आणि तिला जन्म देणाऱ्या लेखकाचे नाते कोणत्या प्रकारचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आणखी एका यमुनेची आठवण करणे अवश्य आहे. मराठी कादंबरीच्या इतिहासात यमुना दोन आहेत. पहिली बाबा पदमनजींची, १८५७ सालची. दुसरी हरिभाऊंची, १८९० ते १८९३ या काळातली. दोघींचे नाव एक, दोघींच्या कपाळी आलेले वैधव्यही एक. पण आपापल्या लेखकाशी असलेले दोघींचे नाते इतके भिन्न आहे की, त्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी कादंबरीकाराच्या मनात केवढी क्रांती घडली, ते या दोन स्त्रियांना शेजारी शेजारी उभे केले असता स्पष्ट दिसते.

१

बाबा पदमनजी मुळे हे बेळगावचे. त्यांचा जन्म १८३१ चा. मिशनच्या शाळेत शिक्षण, पुढे मुंबईत अध्ययन, दीर्घ मानसिक झगडा, आणि १८५४ साली बेळगावातच ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, असा त्यांच्या पूर्वायुष्याचा क्रम आहे. धर्मांतरानंतर तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हे त्या पुस्तकाचे प्रयोजन त्याच्या नावातच जोडून दिलेले आहे. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली, झाला होता. तेव्हा विषय तापलेला होता आणि लेखकही तापलेला होता.

या पुस्तकातली यमुना शिकलेली आहे. मनाने ती ख्रिस्ती मताकडे झुकलेली आहे. विनायक या आपल्या पतीबरोबर ती प्रवासाला निघते, आणि ठिकठिकाणी तिला विधवा स्त्रिया भेटतात. प्रत्येकीची कर्मकहाणी वेगळी. त्या कहाण्या ऐकणे, त्यांवर नवऱ्याशी चर्चा करणे आणि वाचकाला त्यांचे तात्पर्य कळेल अशी व्यवस्था करणे, हे यमुनेचे काम. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि जे दुःख ती दुसऱ्यांच्या दारी पाहत आली ते तिच्या घरी येते. शेवटी ती ख्रिस्ती होते व तिचा पुनर्विवाह होतो.

आता यमुनेचे आणि बाबांचे नाते पाहा. लेखकाने तिला प्रवासाला पाठविले आहे ते जणू एखाद्या चौकशी समितीच्या सभासदासारखे. तिने पाहावे, ऐकावे, टिपावे आणि निष्कर्ष काढावा. आणि तो निष्कर्ष लेखकाने प्रवासाच्या आधीच काढून ठेवलेला आहे. ती चालते ती लेखकाच्या आज्ञेने आणि थांबते तीही त्याच्याच आज्ञेने. लेखकाला जे माहीत नाही असे यमुनेला काहीही माहीत नाही. आपल्या लेखकाला ती एकदाही अडवत नाही.

हे म्हणण्यात बाबा पदमनजींना कमी लेखण्याचा हेतू नाही. मराठी गद्यात सलग कल्पित कथा लिहिण्याची वाट ज्या वेळी मळलेली नव्हती, त्या वेळी त्यांनी अद्भुत राजपुत्र आणि अप्सरा सोडून आपल्या भोवतालच्या एका स्त्रीला कथेची नायिका केले. त्यांच्या मागून आलेल्यांना एवढेही साधले नाही, किंवा त्यांनी ते साधू पाहिले नाही. हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ त्यानंतर काही वर्षांची. या कादंबऱ्यांतील नायक-नायिका सद्गुणांचे पुतळे आहेत. त्यांच्यावर संकटे येतात ती लेखकाला पाने भरावयाची असतात म्हणून. बेळगाव जिल्ह्यातल्याच जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८७१ साली ‘मोचनगड’ लिहून कादंबरीला शिवकालाच्या जमिनीवर आणले, आणि तीही ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून. मराठी कादंबरीच्या पहिल्या पंधरा वर्षांतील दोन महत्त्वाची पावले बेळगावच्या मातीतील माणसांनी टाकली, याचा आपल्याला अभिमान वाटल्यास नवल नाही. तथापि या सगळ्या लेखकांत आणि त्यांच्या पात्रांत स्वामी-सेवकाचे नाते होते, हे मान्य केले पाहिजे.

या ठिकाणी एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ निघाले, त्याच वर्षी फ्रान्समध्ये गुस्ताव्ह फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आदल्या वर्षी ती नियतकालिकातून आली होती, आणि नीतिभ्रष्टतेच्या आरोपावरून तिच्यावर खटला होऊन लेखक त्यातून सुटला होता. या फ्लोबेरने पुढे १८६६ साली तेन या पंडिताला लिहिलेल्या पत्रात आपल्या लेखनकाळातली एक हकीकत सांगितली आहे. नायिका एम्मा विष घेते तो प्रसंग लिहीत असताना त्याला स्वतःच्या तोंडात सोमलाची चव जाणवली आणि त्याची प्रकृती बिघडली. पात्राच्या जिभेवरचे विष लेखकाच्या जिभेवर उतरावे, हे नाते स्वामी-सेवकाचे नव्हे. बाबा पदमनजींच्या यमुनेला विष प्यावे लागले असते तर बाबांना दुःख झाले असते, करुणा आली असती. पण विषाची चव आली नसती. हरिभाऊंना ती आली असेल का? माझ्या मते आली असली पाहिजे, आणि त्याचा पुरावा त्यांच्या कादंबरीच्या घडणीतच आहे.

२

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपण मुंबईत गेले. १८७८ नंतर कुटुंब पुण्यास आले आणि पुढे ते जन्मभर पुण्याचेच झाले. गणिताशी न पटल्यामुळे महाविद्यालयातून पदवी न घेताच ते बाहेर पडले. पण इंग्रजी, संस्कृत आणि मराठी ग्रंथांचे त्यांचे वाचन पुष्कळ पदवीधरांना लाजविणारे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या मृत्यूवर विद्यार्थिदशेत त्यांनी शोककाव्य लिहिले. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’वर, म्हणजे ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर, त्यांनी विस्तृत टीकालेख लिहिला. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला. संस्कृत पोथ्यांच्या संशोधनाची ही संस्था आणि घराघरांतून वाचले जाणारे ‘करमणूक’ साप्ताहिक, या दोन्हींचा कारभार एकच माणूस एकाच वेळी पाहत होता.

१८८५ साली त्यांची ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी आली. तिच्यावर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया होती, ‘गणपतराव’ नंतरची. या दोन्हींत लेखक पात्रांच्या डोक्यावर उभा राहून त्यांच्याकडे पाहतो, मधून मधून वाचकांशी बोलतो आणि पात्रांच्या वर्तनावर मत देतो. बाबा पदमनजींपेक्षा पात्रे पुष्कळ जिवंत आहेत, पण सूत्रे वरूनच हलविली जात आहेत.

आणि मग १८९० साली ‘करमणूक’ सुरू झाले, आणि त्यात हरिभाऊंनी यमूला बोलू दिले.

वरचा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही यमूने स्वतः सांगितलेली आत्मकथा आहे. एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून प्रथमपुरुषी निवेदन करवावे ही युक्ती म्हणून फार मोठी गोष्ट नाही. आपल्या गवळणी आणि विराण्या पुरुष संतांनीच रचल्या आहेत. महत्त्व आहे ते या युक्तीमुळे लेखकावर जी बंधने पडली त्यांचे, आणि ती बंधने त्याने कशी पाळली त्याचे.

पहिले बंधन ज्ञानाचे. यमू ज्या खोलीत नाही तेथे लेखकाला जाता येत नाही. बाहेर ओटीवर पुरुष मंडळी काय ठरवीत आहेत, ते तिला दाराआडून अर्धवट ऐकू येईल तेवढेच. उरलेले दादाने सांगावे, मैत्रिणीने सांगावे, पत्राने कळावे, किंवा पुष्कळ काळाने उलगडावे. कायदेमंडळात काय चालले आहे, वृत्तपत्रांत कोणता वाद पेटला आहे, हे लेखकाला अक्षरशः रोज माहीत होते, आणि तरी ते यमूच्या कानी पडेपर्यंत त्याला ते सांगण्याची मुभा नव्हती. सर्वज्ञ लेखकाने आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधून एका मुलीचा हात धरून चालावे, असा हा प्रकार आहे. पण त्यामुळेच त्या काळच्या स्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत मोठे सत्य उघड झाले. तिच्या जन्माचे निर्णय तिच्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे होत असत. हे सत्य सांगण्यासाठी हरिभाऊंना एकही निबंध लिहावा लागला नाही. ती कथनपद्धतीच ते सांगते.

दुसरे बंधन भाषेचे. हरिभाऊ स्वतः लिहीत ती भाषा शास्त्रीबुवांच्या परंपरेतली, संस्कृतप्रचुर होऊ शकणारी. यमू बोलते ती माजघरातली भाषा: आठवण येईल तसे सांगणारी, मध्येच थांबून मागच्या गोष्टीकडे वळणारी, तपशिलात रमणारी. लहानपणचे खेळ, दादाशी भांडणे, आईचा धाक आणि माया, लग्नातली मिरवणूक, सासरचे पहिले दिवस, या साऱ्यांत तिला जे महत्त्वाचे वाटते तेच महत्त्वाचे. सुधारणेचा कैवार घेणाऱ्या लेखकाला वाटले असते की, आईच्या आठवणींवर इतकी पाने कशाला, मुद्द्याकडे चला. यमूने त्याला मुद्द्याकडे लवकर जाऊ दिलेले नाही. ही पात्राने लेखकावर मिळविलेली पहिली सत्ता.

तिसरे बंधन सर्वांत कठीण, आणि ते न्यायाचे. मुंबईतील सुखाचे दिवस आठवावे. रघुनाथरावांबरोबर यमू तेथे राहते, वाचावयास शिकते, समविचारी कुटुंबांच्या सहवासात तिला मोकळा श्वास मिळतो. पुढे पतीचा मृत्यू होतो आणि शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे केशवपन घडवून आणले जाते. सुधारणावादी लेखकापुढे एक सोपा मार्ग उघडा होता: यमूचा पुनर्विवाह लावून द्यावा आणि वाचकाला आशा द्यावी. बाबा पदमनजींनी आपल्या यमुनेला पुनर्विवाह दिला होता. कायद्याची आडकाठी १८५६ पासून नव्हती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघून १८९० मध्ये पुण्यासच आले होते. ज्या १८९३ साली ही कादंबरी संपली, त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. म्हणजे लेखकाने यमूला त्या मार्गाने नेले असते तर ते असंभाव्य ठरले नसते. तरीही त्याने नेले नाही. यमूच्या निवेदनाला तिच्या मृत्यूनेच विराम मिळतो.

असे का? हरिभाऊंची सुधारणेवरची श्रद्धा कमी पडली म्हणून? नव्हे. कारण तोवर यमू त्यांची राहिली नव्हती. जी मुलगी पहिल्या पानापासून आपल्या आईबापांची, दादाची, नवऱ्याची होऊन राहिली. जिचे धैर्य सोसण्यात होते, झुगारण्यात नव्हते. जिच्या मनात रघुनाथरावांची मूर्ती इतकी घट्ट बसली होती, तिला लेखकाच्या सोयीसाठी दुसऱ्या विवाहवेदीवर उभी करणे, म्हणजे शंकरमामंजींनी जे केले तेच निराळ्या प्रकाराने करणे होते. शंकरमामंजींनी तिच्या इच्छेविरुद्ध तिला विद्रूप केले. लेखकाने तिच्या स्वभावाविरुद्ध तिला सुखी केले असते. दोन्हींत तिला कोणी विचारले नसते. हरिभाऊंनी तिला विचारले. आपल्या मताचा विजय आणि आपल्या पात्राचा स्वभाव यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मताला मागे सारले, आणि मौज अशी की, त्यामुळेच त्यांच्या मताचा विजय झाला. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर आले. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे शेकडो लेख त्या वेळी लिहिले गेले ते आज संशोधकांखेरीज कोणी उघडत नाही. त्याच महिन्यांत ‘करमणुकी’तून हप्त्याहप्त्याने येणारी यमूची कहाणी मात्र आजही वाचली जाते.

३

हप्ता या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. कारण लेखक-पात्राच्या नात्याचा विचार साप्ताहिकाच्या शिस्तीवाचून पुरा होत नाही. आजचा कादंबरीकार हस्तलिखित पुरे करून, मागे पुढे दुरुस्त करून, मग प्रकाशकाकडे देतो. हरिभाऊंना ही सवड नव्हती. मजकूर छापून वाचकाच्या हाती गेला की तो परत घेता येत नसे. पाचव्या हप्त्यात पात्र जे बोलले ते पन्नासाव्या हप्त्यातही त्याला बांधून ठेवी. आणि हे एकाच कथेपुरते नव्हे. यमूची कथा चालू असतानाच, १८९०-९१ या काळात, त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरीही चालली होती. तिला निजामाच्या चाकरीत आयुष्य घालविलेल्या मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीचा आधार होता. एकीकडे श्रीरंगपट्टणच्या तोफा, दुसरीकडे पुण्याच्या वाड्यातले माजघर, लेखणी तीच. पुढेही ‘मी’ आणि ‘यशवंतराव खरे’ या कादंबऱ्या बरोबरीने चालल्या. इतक्या माणसांना एका डोक्यात सांभाळणे केवळ टिपणवहीच्या बळावर शक्य नसते. ती माणसे तेथे राहावयास आलेली असली पाहिजेत.

परंतु राहावयास आलेली सगळीच माणसे शेवटपर्यंत राहिली नाहीत. हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांपैकी ‘गणपतराव’, ‘यशवंतराव खरे’, ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ या अपुऱ्या राहिल्या आहेत. ऐतिहासिकांत ‘सूर्यग्रहण’ अपुरी आहे. याचे स्पष्टीकरण सामान्यतः कामाच्या व्यापाने दिले जाते. आनंदाश्रम, साप्ताहिक, नगरपालिका, सार्वजनिक कामे, यांतून वेळ कोठून मिळणार? हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तोच व्याप असताना ‘उषःकाल’सारखी विस्तीर्ण कादंबरी १८९५ ते १८९७ मध्ये पुरी झाली, मग ‘यशवंतराव खरे’च का राहिली?

मला सुचते ते असे. यमू आणि ‘मी’मधला भावानंद हे दोघे आपली कथा मागे वळून सांगतात. त्यांचे आयुष्य घडून गेलेले आहे. शेवट ठरलेला आहे. लेखक पहिल्या ओळीपासून त्या शेवटाच्या सावलीत लिहितो. गणपतराव आणि यशवंतराव यांची गोष्ट वेगळी. हे तरुण शिकलेले, नव्या विचारांचे, आपल्या समाजात काय करावे या पेचात सापडलेले आहेत. त्यांचे पुढे काय होणार, हे त्या काळच्या महाराष्ट्राचे पुढे काय होणार यावर अवलंबून होते. आणि ते लेखकालाही ठाऊक नव्हते, कारण तोही त्याच पेचात उभा होता. यमूपुढे लेखक श्रोता झाला. यशवंतरावापुढे तो सहप्रवासी होता, आणि सहप्रवाशाला मुक्काम ठाऊक नसला की चाल मंदावते.

या तर्काला अपवाद आहेत हे मी जाणतो. ‘जग हें असें आहे’, ‘भयंकर दिव्य’, ‘मायेचा बाजार’ या कादंबऱ्या आत्मनिवेदनपर नसूनही पूर्ण झाल्या; त्यांत कथानकाची गुंतागुंत लेखकाला ओढत नेते. ‘गणपतराव’ ही तर ‘करमणुकी’च्याही पूर्वीची. म्हणून हा नियम न मानता एक कल मानावा. तथापि ज्या दोन कादंबऱ्यांनी हरिभाऊंचे नाव अजरामर केले असे आपण म्हणतो, त्या दोन्हींत त्यांनी स्वतः बोलण्याचा अधिकार सोडून दिलेला आहे, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही.

भावानंदाविषयी एक गोष्ट येथेच नोंदवितो. १८९३ ते १८९५ या काळात लिहिलेल्या या कादंबरीत संसाराचा त्याग करून लोकसेवेस वाहून घेणाऱ्या तरुणांच्या मठाची कल्पना आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, हरिभाऊंचे स्नेही गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. कादंबरीवरून संस्था निघाली असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणणे गोखल्यांवर अन्यायाचे होईल. एवढेच म्हणता येईल की, पात्राशी प्रामाणिक राहणारा कादंबरीकार कधी कधी घडलेल्याचे वर्णन करता करता घडू पाहणाऱ्याचीही चाहूल घेतो. भावानंद लेखकाच्या मनात वावरत होता, तेव्हा तसलाच कोणी तरुण पुण्याच्या रस्त्यांवरही वावरत असला पाहिजे.

४

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, आणि तो आक्षेप अलीकडच्या वाचकाच्या मनात प्रथम येतो. एका पुरुषाने स्त्रीच्या वतीने बोलावे, हा तिला दिलेला मान की तिच्या आवाजावर केलेले अतिक्रमण? त्या काळी स्त्रिया मुक्या नव्हत्या. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची. काशीबाई कानिटकर हरिभाऊंच्या स्नेही, स्वतः लेखिका. हरिभाऊंनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. पंडिता रमाबाई इंग्रजीत आणि मराठीत लिहीत होत्या. मग यमूची कहाणी यमूनेच लिहावी, हरिभाऊंनी का?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हरिभाऊंचा गौरव करून देता येत नाही. उत्तर असे की, जिच्यावर हे सारे कोसळले तिला लिहिण्याइतकी शांतता, कागद आणि खोली मिळणे बहुधा शक्य नव्हते. आणि जिला मिळाले तिने पुढे लिहिलेच. १९१० साली रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागली. या ग्रंथांतल्या घरगुती, वळणे घेत जाणाऱ्या, विनोदाने दुःख झाकणाऱ्या भाषेला यमूच्या भाषेशेजारी ठेवून पाहावे. वीस ते चाळीस वर्षे आधी एका पुरुषाने कान देऊन जे ऐकले होते ते खोटे नव्हते, याची ग्वाही या स्त्रियांनी नकळत दिली आहे. ज्याने स्त्रीच्या तोंडी आपले शब्द घातले तो अतिक्रमण करतो. ज्याने तिचे शब्द आपल्या लेखणीत येऊ दिले तो वाट करून देतो. हा भेद सूक्ष्म असला तरी खरा आहे. त्याची कसोटी पुढच्या पिढीतील स्त्रियांच्या लेखनात मिळते.

आणि या इतिहासाचे एक विलक्षण वळण १९३३ साली आले. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला आणि एकच खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींचे मन त्यात उघडे केले होते. पात्रे कोण याची चर्चा मागे पडून लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर हे पुढे सर्वांना कळले. येथे चक्र पूर्ण फिरले. हरिभाऊंना सत्य सांगण्यासाठी एक काल्पनिक स्त्री निर्माण करावी लागली. मालतीबाईंना सत्य सांगण्यासाठी एक काल्पनिक लेखिका निर्माण करावी लागली. पहिल्या वेळी पात्राने लेखकाच्या आड उभे राहायचे नाकारले; दुसऱ्या वेळी लेखिकेलाच पात्राप्रमाणे पडद्याआड जावे लागले. स्त्रीने स्वतःच्या नावाने स्वतःचे सत्य सांगण्याची किंमत चार दशकांनंतरही किती जबर होती, हे त्या टोपणनावावरून मोजता येते.

५

हरिभाऊ ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात निवर्तले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते. मानसन्मान त्यांना जिवंतपणीच लाभले. पण त्यांचा खरा सन्मान वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नात आहे.

त्या प्रश्नाला आपण कोणते उत्तर द्यावे? यमू होऊन गेली नाही, असे म्हणणे शुष्क आहे. होऊन गेली, असे म्हणणे असत्य आहे. मला वाटते, दोन्ही यमुनांची गोष्ट त्या मुलीला सांगावी. पहिल्या यमुनेला तिच्या लेखकाने प्रवासास पाठविले आणि ती त्याने सांगितलेल्या ठिकाणी जाऊन पोहोचली. दुसरीला तिच्या लेखकाने बोलू दिले, आणि तिने जाण्यास नकार दिला. नाही म्हणण्याची शक्ती ज्या पात्रात येते ते पात्र खरे, मग ते जन्मले असो वा नसो. ज्या काळात हाडामांसाच्या स्त्रीला नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्या काळात एका लेखकाने आपल्या मानसकन्येला तो दिला, आणि तो दिल्यामुळे आपली आवडती आशा सोडून देऊन तिचा मृत्यू लिहिणे त्याला भाग पडले.

एवढे सांगून झाल्यावर शिक्षकाने थोडे थांबावे. कोणती तरी विद्यार्थिनी पुन्हा उभी राहील, आणि आपल्या आजीची किंवा पणजीची गोष्ट सांगू लागेल. त्या वेळी घड्याळाकडे न पाहता ती पुरी ऐकून घ्यावी. हरिभाऊंनी यमूसाठी केले ते याहून फारसे वेगळे नव्हते.